‘अवॉर्ड फिल्म’ चालत नाही, हे ठरवलं कोणी?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की दोन-तीन दिवस मराठी माणसाची मान ताठ असते. वर्तमानपत्रांत फोटो येतात, सत्कार होतात, मंत्र्यांचे अभिनंदनाचे संदेश येतात. चौथ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, “चांगलं झालं, पण आता हा सिनेमा चालणार नाही.” आणि भोवतालची मंडळी माना डोलावतात. पुरस्काराचा सिनेमा म्हणजे संथ, रडका, चार परीक्षकांना आवडणारा आणि तिकीट काढून आलेल्याला झोप आणणारा, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की ते तपासून बघावं असं कोणाला वाटतच नाही. निर्मात्याला नाही, वितरकाला नाही आणि चित्रगृहाच्या व्यवस्थापकाला तर नाहीच नाही. मला हे समीकरण खोटं वाटतं. नुसतं खोटं असतं तर सोडूनही दिलं असतं; पण त्याच्या आधारावर खेळ ठरतात, पैसे ठरतात, एखाद्या दिग्दर्शकाला दुसरा सिनेमा करायला मिळणार की नाही हे ठरतं. म्हणून ते मुळापासून तपासायला हवं.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. दुबळा करून पाडण्यात पुरुषार्थ नाही. धंद्यातली माणसं म्हणतात ते साधारण असं. परीक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते बंद खोलीत, सरकारी खर्चाने, एकामागून एक सिनेमे बघतात. त्यांना तिकीट नाही, पार्किंग नाही, पोरांचा पॉपकॉर्नचा हट्ट नाही. ठाण्यातलं किंवा नाशिकमधलं चौघांचं कुटुंब सिनेमाला निघालं की हजार-दीड हजाराला कात्री लागते. आठवडाभर लोकलमध्ये नाहीतर कारखान्यात पिचून निघालेल्या माणसाने एवढे पैसे घालून दुसऱ्याचं दुःख का म्हणून बघावं? आणि हे ते हवेत बोलत नाहीत. सुवर्णकमळ मिळवलेला सिनेमा आठवड्यात उतरलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. त्यांच्या वहीतली नोंद खरी आहे, ती मी नाकारत नाही. नोंदीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

सुरुवात जुन्यापासून करतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात लागला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकाराम. गिरगावातल्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ मुक्काम ठोकणारा भारतीय चित्रपट म्हणून इतिहासात गेला. तो तिथे चालू असतानाच, १९३७ मध्ये, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे इटलीतले जाणकार आणि गिरगावातल्या तिकीटखिडकीवरची रांग एकाच वेळी एकाच सिनेमाला दाद देत होती. चमत्कार होते म्हणून गर्दी झाली, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही, कारण चमत्कार तेव्हाच्या इतर संतपटांतही होतेच. या सिनेमाचा प्राण जिजाईत आहे. नवरा अभंगात बुडालेला, घरात दाणा नाही, पोरगं आजारी. कातावलेली ही बाई पायातलं हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. गौरी या अभिनेत्रीने ती अशी उभी केली आहे की भक्तीच्या सिनेमात आपण देवाच्या बाजूने उरत नाही, तिच्या बाजूने जातो. संसाराचा हा त्रागा व्हेनिसमध्ये कळला आणि गिरगावातही कळला. त्यासाठी दोन वेगळे प्रेक्षक कल्पावे लागले नाहीत.

आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा, १९५४ मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. हा सिनेमा कोणी पाहिला आणि किती पाहिला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आपल्या आज्या-आयांना विचारलं तरी पुरे. देशातला अगदी पहिला ‘अवॉर्ड’ सिनेमा हा मराठी घराघरांत रडून पाहिलेला सिनेमा आहे.

याहून बोलकं उदाहरण ‘सामना’चं. रामदास फुटाणे निर्माते, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट. निळू फुल्यांचा साखर कारखानदार हिंदूराव आणि डॉ. लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. आज ज्याचं नाव आपण आदराने घेतो, तो सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा चालला नाही. मग १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली, सिनेमा पुन्हा लागला आणि या वेळी लोक आले. मधल्या काळात त्यातली एक फ्रेमही बदललेली नव्हती. बर्लिनमुळे त्याच्याकडे लक्ष गेलं, पेपरात नाव आलं, चर्चा झाली, आणि चर्चा ऐकून माणसं खुर्चीत येऊन बसली. पुरस्कारामुळे प्रेक्षक पळतो म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा नीट विचार करावा.

नंतरची नावं झटपट घेतो. ‘श्वास’ला २००४ मध्ये सुवर्णकमळ मिळालं, तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला, आणि त्याला तिकडे पाठवायला लोकांनी वर्गणी काढली. लोकांना ज्याचं काही पडलेलं नाही, अशा गोष्टीला लोक वर्गणी देत नाहीत. ‘नटरंग’ २०१० च्या पहिल्याच दिवशी लागला, धो धो चालला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच. उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ २०११ चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सन्मानात वाटेकरी, गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा आणि संवादांचा पुरस्कार, आणि गावोगावच्या चित्रगृहांत हशा. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ २०२३ च्या जानेवारीत लोकांनी डोक्यावर घेतला, नंतर तोच राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी ठरला.

‘सैराट’पाशी मात्र थांबायला हवं, कारण त्याच्याबद्दलचा आपला समजच उलटा आहे. ‘सैराट’ म्हटलं की आपल्याला झिंगाट आठवतं, थिएटरात नाचणारी गर्दी आठवते, शंभर कोटींच्या आसपासचा गल्ला आठवतो. पण तारखा बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बर्लिन महोत्सवाच्या जनरेशन विभागात दाखवला गेला. मार्चअखेर जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकू राजगुरूच्या अभिनयाची विशेष दखल घेतली गेली. महाराष्ट्रात तो प्रदर्शित झाला २९ एप्रिलला. म्हणजे मराठीतला तोवरचा सर्वाधिक कमाईचा सिनेमा चित्रगृहात पाऊल ठेवण्याआधीच रीतसर ‘अवॉर्ड फिल्म’ होता. पोस्टरवर महोत्सवाचं पानांचं चिन्ह बघून कोणी माघारी फिरल्याचं ऐकिवात नाही.

आणि त्याचा शेवट आठवा. हैदराबादमधलं छोटं घर, माहेरहून आलेली माणसं, आईने पाठवलेल्या वस्तू, चहा. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आत जातं, आणि रडत बाहेर येतं तेव्हा त्याच्या पावलांचे लाल ठसे फरशीवर उमटत जातात. पडद्यावरचा आवाज बंद. संगीत नाही, किंकाळी नाही, सूडाचं भाषण नाही. रूढ समजुतीप्रमाणे हा अस्सल महोत्सवी शेवट आहे, सामान्य प्रेक्षक जो म्हणे सहन करत नाही तो. मी पाहिलेल्या खेळाला झिंगाटच्या वेळी पडद्यापुढे नाचायला गेलेली पोरं शेवटी दिवे लागले तरी जागची हलली नव्हती. तीच पोरं दुसऱ्या आठवड्यात मित्रांना घेऊन परत आली. नागराज मंजुळ्यांनी प्रेक्षकाला गाणी दिली म्हणून त्याने शेवट गिळला, असं यावर म्हटलं जातं. गाण्यांनी माणूस आत येतो, हे खरं. पण गाण्यांसाठी आलेला माणूस असा शेवट बघून चिडला असता तर सोमवारपासून खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या. तसं घडलं नाही. लोक तो शेवट बघायला पुन्हा आले.

इथे पूर्वपक्षाचं ठरलेलं उत्तर येतं: हे अपवाद आहेत. ‘सैराट’ ही काही अवॉर्ड फिल्म नव्हे, तो हिट सिनेमा. ‘देऊळ’? तो विनोदी होता. ‘नटरंग’? त्यात लावण्या होत्या. ‘श्यामची आई’? तो काळ वेगळा. नीट बघितलं तर इथे एक गडबड होते आहे. पुरस्कार मिळालेला सिनेमा चालला की आपण त्याला ‘अवॉर्ड फिल्म’च्या खात्यातून काढून ‘हिट’च्या खात्यात टाकतो. पडला की तो आपल्या जागी राहतो. वर्षानुवर्षं असं केल्यावर त्या खात्यात फक्त पडलेले सिनेमे उरणार, हे उघड आहे. आणि मग आपणच ते खातं उघडून म्हणतो, बघा, यातला एकही चालला नाही. हा अनुभव नव्हे, हा हिशेबाचा दोष आहे.

राहिले खरोखर न चाललेले सिनेमे. ते आहेत, पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मला न्यायशास्त्राकडे जावंसं वाटतं, कारण हा गुंता तिथे फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. धूर दिसला की अग्नी असतोच, पण अग्नी असला की धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी नुसता विस्तव पुरत नाही, सरपण ओलं असावं लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात. ती नजरेआड राहते, आणि तिचं काम आपण विस्तवाच्या नावावर मांडतो. पुरस्कार आणि रिकाम्या खुर्च्या यांच्यामध्येही अशी उपाधी दडलेली आहे. ती शोधली नाही तर दोष भलत्याच्याच माथी जातो.

ती उपाधी म्हणजे प्रदर्शन: सिनेमा कधी लागतो, कुठे लागतो, किती वाजता लागतो आणि किती दिवस राहतो.

आधी ‘कधी’. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सिनेमा चित्रगृहात लागलेला असण्याची अट नाही. त्या वर्षात त्याला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेलं असलं की पुरे. नियम वाईट नाही. उलट ज्याला अजून वितरक मिळालेला नाही त्या छोट्या निर्मात्याला तो दार उघडून देतो. पण त्यामुळे पुरस्काराची तारीख आणि प्रदर्शनाची तारीख यांचा एकमेकींशी संबंधच राहत नाही. मकरंद मानेंच्या ‘रिंगण’ला पुरस्कार जाहीर झाला मार्च २०१६ मध्ये, तो लागला जून २०१७ च्या अखेरीस. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ला २०१४ मध्ये दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, चित्रगृहात यायला त्याला २०१६ उजाडलं. याच जोडीच्या ‘कासव’ला एप्रिल २०१७ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झालं आणि तो लागला ऑक्टोबरात. पुरस्काराच्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर नाव असतं, फोनवर फोन येतात, लोक विचारतात, “कुठे बघायला मिळेल?” त्या दिवशी उत्तर असतं, कुठेच नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने सिनेमा येतो तेव्हा ती उत्सुकता मेलेली असते आणि जाहिरातीला पैसे उरलेले नसतात.

कधी गाडं उलट्या बाजूने चुकतं. ‘वाळवी’चा पुरस्कार जाहीर झाला ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे प्रदर्शनानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने. सुजय डहाकेंचा नवा ‘श्यामची आई’ नोव्हेंबर २०२३ मध्ये येऊन गेला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं ऑगस्ट २०२५ मध्ये. तोवर तो कुठल्याही पडद्यावर नव्हता. अत्र्यांच्या चित्रपटाला जे भाग्य मिळालं ते त्याच नावाच्या या चित्रपटाला मिळायची सोयच उरली नव्हती. इथे पुरस्काराने सिनेमा पाडला का? पुरस्कार आणि प्रेक्षक यांची गाठच पडली नाही.

आता ‘कुठे’ आणि ‘किती वाजता’. ज्यांनी असे सिनेमे चित्रगृहात जाऊन पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला एक सिनेमा बघायला मी एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मल्टिप्लेक्सला गेलो. अख्ख्या शहरात त्याचे दोन खेळ होते: एक सकाळी दहाच्या आधीचा, दुसरा दुपारी पावणेतीनचा, तोही कामाच्या दिवशी. तिकीटखिडकीवरच्या मुलाने आधी हिंदी सिनेमाचंच नाव सांगितलं, मग स्क्रीनकडे बघून म्हणाला, “आहे, पण पाच-सहा जण झाले तरच सुरू करू.” आम्ही चौघे होतो. खेळ रद्द झाला, पैसे परत मिळाले, आणि त्या दिवशीच्या हिशेबात त्या सिनेमापुढे शून्य लागलं. ते शून्य पुढे वितरकाकडे गेलं असेल, तिथून निर्मात्याकडे, आणि तिथून ‘अवॉर्ड फिल्म चालत नाही’ या वाक्यात. त्या शून्यामागे तिकिटाचे पैसे हातात घेऊन उभी असलेली चार माणसं होती, हे कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही.

आणि ‘किती दिवस’. ज्या सिनेमात मोठा नट नाही, त्याची जाहिरात पाहून आलेला माणूसच करतो. तो घरी जाऊन सांगतो, कचेरीत सांगतो, सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो. या सांगण्याला निदान आठ-दहा दिवस लागतात. मल्टिप्लेक्सचा निकाल शुक्रवारी आणि शनिवारी लागतो. सोमवारी खेळ कमी, पुढच्या शुक्रवारी गायब. तोंडी प्रसिद्धी सुरू व्हायच्या दिवशी सिनेमा उतरलेला असतो. ‘संत तुकाराम’ला आठवड्याभरात बाहेर काढलं असतं तर सत्तावन्नावा आठवडा कुठून आला असता?

राज्य सरकारला यातलं काही कळत नव्हतं असंही नाही. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला संध्याकाळी सहा ते नऊची वेळ द्यावी, असा आग्रह सरकारने धरला. लगेच गदारोळ झाला, आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ इतकी सैल झाली. बारा ते नऊमध्ये दुपारी एकही येतो, आणि दुपारी एकला सिनेमा बघायला नोकरदार माणूस येत नाही. पण त्याच महिन्याच्या १७ तारखेला चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ लागला. सुवर्णकमळ तीनच आठवड्यांपूर्वी जाहीर झालेलं, व्हेनिसचे दोन पुरस्कार गाठीशी, प्राइम टाइमच्या वादामुळे मराठी सिनेमा सगळ्यांच्या तोंडी. पुरस्काराची बातमी ताजी असताना सिनेमा समोर होता, आणि एरवी महोत्सवापुरता राहिला असता असा हा चित्रपट लोकांनी तिकिटं काढून पाहिला, त्यावर घराघरांत वाद घातले. उपाधी काढून घेतली की धूर कमी होतो, तो असा.

तुलनेचाही एक मुद्दा आहे, आणि तो कोणी काढत नाही. मराठीत वर्षाला शंभरच्या आसपास चित्रपट तयार होतात. त्यातले घातलेले पैसे परत मिळवणारे मोजकेच. उरलेल्यांतल्या बहुतेकांना कुठलाही पुरस्कार नसतो. त्यांत विनोदी आहेत, प्रेमकथा आहेत, हाणामारीचे आहेत, गाणी गाजलेले आहेत. ते पडतात तेव्हा ‘विनोदी सिनेमा चालत नाही’ असा सिद्धांत कोणी मांडत नाही. पुरस्काराच्या सिनेमाचं अपयश तेवढं नजरेत भरतं, कारण त्याचं नाव आपल्याला माहीत असतं. बाकीचे आले कधी आणि गेले कधी, याची बातमीही होत नाही.

आता रुचीचा मुद्दा. पूर्वपक्षाच्या मुळाशी खरं तर तोच आहे: सामान्य माणसाला हे कळत नाही, झेपत नाही, नको असतं. मला यात प्रेक्षकाचा अपमान दिसतो. मंजुळ्यांच्याच ‘फँड्री’तला तो प्रसंग घ्या. शाळकरी जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, अख्खा गाव गंमत बघतोय. डुक्कर तावडीत सापडतंय तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, मग बाकीचे. समोरून डुक्कर चालत निघून जातं. या प्रसंगात एकही संवाद नाही. हा समजायला चित्रपटाच्या भाषेचं शिक्षण लागत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत सकाळच्या प्रार्थनेला उभं राहिलेल्या माणसाला तो एका क्षणात कळतो, कदाचित बर्लिनमधल्या परीक्षकाला कळेल त्याहून जास्त. लोक त्यावर आधी हसतात, मग त्यांचं हसू घशात अडकतं.

‘कोर्ट’ला ‘कठीण’ म्हणतात. त्यातली सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णींनी उभी केलेली, कोर्ट सुटल्यावर काय करते? लोकलमध्ये बायकांशी साड्यांबद्दल, जेवणाबद्दल बोलते, मुलाला आणते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, नवऱ्याला वाढते. सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जाते आणि परप्रांतीयांवरच्या विनोदांना प्रेक्षागृहाबरोबर हसते. दुसऱ्या दिवशी तीच बाई एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी जुन्या कायद्यांची कलमं वाचून दाखवते, तितक्याच सहजपणे. वीरा साथीदारांनी केलेला तो शाहीर नारायण कांबळे आपल्याला कदाचित दूरचा वाटेल, पण नूतन दूरची नाही. ती आपल्या बिल्डिंगमध्ये राहते. मराठी मध्यमवर्गाला इतक्या जवळून, इतक्या न्याय्यपणे दाखवणारे सिनेमे फार थोडे आहेत. ते त्याच मध्यमवर्गाला कळणार नाहीत असं आपण कोणाच्या वतीने ठरवतो?

पुरस्कारांवरचा अविश्वास मात्र पूर्ण निराधार नाही, हे मान्य करायला हवं. त्याला मोठा हातभार टीव्हीने लावला. वाहिन्यांचे स्वतःचे सोहळे असतात, त्यांत स्वतःच्याच मालिकांना पुरस्कार असतात, लाडकी सून, लाडकी जोडी, लाडकं कुटुंब असे विभाग असतात, आणि मधेमधे नाच. हे करमणुकीचे कार्यक्रम आहेत आणि त्यांत गैर काही नाही. पण वर्षभर तेच बघितल्यावर ‘पुरस्कार’ म्हटलं की प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर तोच झगमगाट येतो, आणि परीक्षकांनी सिनेमा पाहून, वाद घालून दिलेला निवाडा त्याच मापाने मोजला जातो. राष्ट्रीय पुरस्कारांचेही सगळे निर्णय मला पटतात असं नाही; काही वर्षी तर मुळीच पटलेले नाहीत. पण निवाडा चुकू शकतो म्हणून निवाड्याची गरजच नाही असं होत नाही. ‘धग’मधली उषा जाधव, ‘जोगवा’तला उपेंद्र लिमये, ‘टिंग्या’तला शरद गोयेकर ही नावं देशापर्यंत पोचली ती पुरस्कारांमुळे. गल्ल्याच्या आकड्यांनी ती पोचवली नसती.

एका बाजूच्या माणसांना मात्र मी सोडणार नाही, आणि ती धंद्यातली नाहीत, आपली आहेत. “आम्ही प्रेक्षकासाठी सिनेमा करतच नाही,” असं अभिमानाने सांगणारे काही दिग्दर्शक, आणि त्यांना दुजोरा देणारे काही समीक्षक. सिनेमा पडला की तो जणू उच्च असल्याचा पुरावा, आणि चालला की त्यात काहीतरी तडजोड झाली असणार, ही वृत्ती म्हणजे ‘अवॉर्ड फिल्म चालत नाही’ या वाक्याचीच दुसरी बाजू. दामले-फत्तेलालांना, अत्र्यांना, तेंडुलकरांना असं म्हणावंसं वाटलं नाही. सिनेमा लोकांपर्यंत पोचावा याची धडपड करणं हे कलेशी बेइमानी करणं नव्हे. डॉ. मोहन आगाशे ‘अस्तु’ आणि ‘कासव’ घेऊन संस्थासंस्थांतून फिरले, सिनेमा दाखवला, नंतर बसून लोकांशी स्मृतिभ्रंशाबद्दल, नैराश्याबद्दल बोलले. ज्या चित्रपटांना चित्रगृहांनी जागा दिली नाही, त्यांना त्या सभागृहांत प्रेक्षक मिळाला, आणि तो बोलायला थांबला.

पण एका माणसाच्या पायपिटीवर व्यवस्था उभी राहत नाही. केरळात सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाची स्वतःची चित्रगृहं आहेत. तिरुवनंतपुरममधली कैरळी आणि श्री ही त्यांतली. आपल्याकडे गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, कोल्हापूरला चित्रनगरी आहे. सिनेमा तयार करायला जागा आहे, तो दाखवायला नाही. मराठी चित्रपटाला राज्य सरकारचं अनुदान मिळतं, दर्जा ठरवून मिळतं, आणि ते अनेक निर्मात्यांना तारून गेलंय. मात्र ते सिनेमा तयार झाल्याबद्दल मिळतं. तो लोकांना दिसला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. साहजिकच काही सिनेमे अनुदानाच्या कागदावर पूर्ण होतात आणि पडद्यावर नावापुरते येतात.

माझी मागणी साधी आहे. ज्या मराठी चित्रपटांना राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार मिळतो, त्यांच्यासाठी अनुदानाचा एक हिस्सा प्रदर्शनाला बांधून द्यावा. पुरस्कार जाहीर झाल्यापासून महिन्याभरात, जिल्ह्याच्या आणि मोठ्या तालुक्यांच्या गावी, रोज संध्याकाळचा एक खेळ, सलग दोन आठवडे. चित्रगृह नसेल तिथे नगरपालिकेचं नाट्यगृह घ्यावं. ती नाट्यगृहं आठवड्याचे कितीतरी दिवस कुलूपबंदच असतात. जुना सिनेमा असेल तर तोही पुन्हा लावावा, जसा ‘सामना’ पुन्हा लागला होता. तिकीट शंभराच्या आत ठेवावं. अशी तीन वर्षं ओळीने काढावीत आणि मग चित्रगृहवाल्यांनी, वितरकांनी, समीक्षकांनी एकत्र बसून आकडे बघावेत. तेव्हाही खुर्च्या रिकाम्याच राहिलेल्या दिसल्या, तर या लेखातलं माझं म्हणणं मी मागे घेईन.